पायथनचा वक्र आणि गोदावरीचं पाणी: संगणक विकलक समीकरण सोडवतो म्हणजे काय करतो?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की नाशिकमध्ये पुढचे काही तास एकच चौकशी चालते. गोदाघाटावर पाणी किती वाजता चढणार? घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागणार, कमरेला की छातीला? बातमीतला क्युसेकचा (सेकंदाला इतके घनफूट) आकडा धरणाच्या दाराशी सुटलेल्या पाण्याचा असतो. घाटावरच्या टपरीवाल्याला मात्र त्याच्या टपरीपाशी पाणी कधी येईल ते हवं असतं. पहिल्या आकड्यावरून दुसरा काढायचा तर मधे एक विकलक समीकरण सोडवावं लागतं. कॉलेजात ज्याला सगळे डिफरन्शियल इक्वेशन म्हणतात, तेच.

इंजिनिअरिंगला पहिल्याच वर्षी, एम-टूच्या पेपरात, ही समीकरणं भेटतात. तिथे ती सुटतात, कारण सुटतील अशीच निवडलेली असतात. इंटिग्रेटिंग फॅक्टर काढा, दोन्ही बाजू गुणा, इंटिग्रेट करा, सी काढा, उत्तराला चौकट करा. पण विसर्गाचे आकडे तासातासाने बदलणारे असले आणि ते एखाद्या सूत्रात न बसता नुसते तक्त्यात मांडलेले असले, तर इंटिग्रेट कशाला करणार? शिवाय बंधाऱ्यावरून सांडणारं पाणी त्याच्या उंचीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाहतं. असं एखादं पद समीकरणात आलं की वहीतलं सूत्र बहुतेक वेळा हात टेकतं. मग आपण पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उघडतो, चार ओळी लिहितो आणि छान गुळगुळीत वक्र समोर येतो.

हा वक्र कुठून येतो ते इथे जरा सावकाश बघायचं आहे. पायथनने समीकरण 'सोडवलं' असं आपण म्हणतो खरं, पण त्याच्या हातात सूत्र नसतंच. त्याच्याकडे असते एक यादी: या वेळेला इतकं, त्या वेळेला तितकं. चित्र काढणारा भाग ते ठिपके जोडतो आणि ठिपके दाट असले की जोड दिसत नाहीत. वक्र गुळगुळीत दिसतो म्हणून तो बरोबर आहे असं वाटायला लागतं, आणि गोची तिथेच होते.

समीकरण मांडूया

धरणापासून गोदाघाटावरच्या रामकुंडापर्यंतचा नदीचा पट्टा घेऊ. वरून पाणी येतं, खालून पुढे जातं, उरलेलं पट्ट्यात साठतं. पट्ट्यात पाणी जितकं जास्त, तितका पुढे जाणारा प्रवाह जास्त. हे दोन्ही अगदी सरळ प्रमाणात आहेत असं धरलं तर जलविज्ञानात त्याला रेषीय जलाशय म्हणतात. त्यातून मिळतं ते समीकरण असं:

प्रवाह बदलण्याचा वेग = (वरून येणारा प्रवाह − पुढे जाणारा प्रवाह) ÷ २

प्रवाह क्युसेकमध्ये, वेळ तासांत. खाली भागायला घेतलेले २ तास मी हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेत. खऱ्या नदीसाठी हा आकडा पूर्वीच्या पुरांच्या नोंदींवरून काढावा लागतो. खऱ्या गोदावरीला वाटेत ओढे-नाले येऊन मिळतात, पाणी पोचायला मुळातच वेळ लागतो, पात्राची रुंदी बदलते. ते सगळं सध्या बाजूला.

आता समजा नदी निवांत १००० क्युसेकने वाहते आहे आणि धरणातून एकदम ५००० सोडले. सुरुवातीला वर-खालचा फरक ४००० आहे, म्हणून प्रवाह तासाला २००० क्युसेक या वेगाने वाढायला लागतो. जसजसा तो वाढतो तसतसा फरक कमी होतो आणि वाढही मंदावते. हे उदाहरण मी मुद्दाम असं घेतलंय की त्याचं उत्तर वहीतही निघतं, म्हणजे संगणकाला पकडता येईल. वहीतलं उत्तर सांगतं की एका तासाने प्रवाह सुमारे २५७४ क्युसेक असतो, दोन तासांनी ३५२८ आणि चार तासांनी ४४५९.

ऑयलरची पावलं

पावसाळ्यात दाट धुकं असताना कसारा घाटातून गाडी काढलीय? पुढचं वळण दिसत नाही. बॉनेटसमोर रस्ता ज्या दिशेला आहे तिकडे थोडं जायचं, थांबून पुन्हा बघायचं, पुन्हा थोडं जायचं. लिओनहार्ड ऑयलरने १७६८ मध्ये छापलेली पद्धत हीच आहे. समीकरण प्रत्येक जागेवर आपल्याला फक्त उतार, म्हणजे प्रवाह बदलण्याचा वेग, सांगतं. त्या उताराने एक पाऊल सरळ रेषेत टाकायचं, नव्या जागी पुन्हा उतार विचारायचा.

एक-एक तासाचं पाऊल घेऊन हातानेच करू. सुरुवातीला प्रवाह १०००, उतार २०००, म्हणून तासाभराने ३०००. आता फरक २००० उरला, उतार १०००, म्हणून दुसऱ्या तासाअखेर ४०००. मग ४५००, मग ४७५०. झालं, चार पावलांत पूर आला.

वहीतल्या उत्तराशी ताडून बघा. दोन तासांनी खरे ३५२८ असायला हवेत, ऑयलरने ४००० दिले. चूक ४७२ क्युसेकची. कारण उघड आहे: प्रत्येक तासाच्या सुरुवातीला जो उतार होता तोच तासभर राहील असं आपण धरलं, पण उतार तर पहिल्या मिनिटापासून कमी होत होता.

पाऊल अर्ध्या तासाचं केलं तर दोन तासांचं उत्तर ३७३४ येतं, चूक २०६. पाव तासाचं केलं तर ३६२६, चूक ९७. पाऊल निम्मं केलं की चूकही साधारण निम्मी होते. हा संबंध डोक्यात पक्का ठेवावा, कारण खरं उत्तर माहीत नसतानाही तो कामाला येतो. एकदा सोडवा, पाऊल निम्मं करून पुन्हा सोडवा. दोन्ही उत्तरं जवळपास सारखी आली तर पुढे जा. नसतील तर तो आलेख कुणाला पाठवू नका.

टपरीवाल्याच्या भाषेत ही चूक किती मोठी? समजा ४००० क्युसेकला पाणी त्याच्या टपरीपर्यंत पोचतं. तासाच्या पावलांचा ऑयलर म्हणतो, दोन तासांत. वहीतलं उत्तर म्हणतं, २ तास ४६ मिनिटं. पाणी चढताना ही चूक परवडते. टपरी लवकर हलवली, बिघडलं काय? पण विसर्ग ५००० वरून परत १००० वर आणला आणि प्रवाह २००० पर्यंत उतरला की टपरी लावायची असं ठरलं असेल, तर तोच ऑयलर पुन्हा 'दोन तासांत' म्हणतो. तेव्हा नदीत प्रत्यक्षात २४७२ क्युसेक वाहत असतात आणि २००० व्हायला अजून ४६ मिनिटं असतात. म्हणजे पद्धतीची चूक एका बाजूला सावध करते आणि दुसऱ्या बाजूला माणसाला पाण्यात उतरवते. चूक किती हे तर बघायचंच, ती कुठल्या बाजूला झुकते हेही बघायचं.

चार उतार, एक पाऊल

पावलं बारीक करत राहणं हा एक उपाय झाला. दुसरा म्हणजे पाऊल तेवढंच ठेवून उतार शहाणपणाने निवडणं. कार्ल रुंगेने १८९५ मध्ये आणि विल्हेल्म कुट्टाने १९०१ मध्ये त्याची वाट घालून दिली. आज परीक्षेत आरके-फोर म्हणून येते ती पद्धत यातूनच निघाली.

तेच तासाचं पाऊल, सुरुवात १००० पासून. पहिला उतार सुरुवातीचा: २०००. या उताराने अर्धा तास गेलो असतो तर २००० ला पोचलो असतो. तिथला उतार १५००. हा दुसरा. आता पुन्हा सुरुवातीला या आणि १५०० च्या उताराने अर्धा तास जा: १७५०. तिथला उतार १६२५, तिसरा. या तिसऱ्या उताराने पूर्ण तास गेलो तर २६२५. तिथला उतार ११८७.५, चौथा. मधल्या दोघांना दुप्पट वजन देऊन सरासरी काढली की उतार येतो सुमारे १५७२.९ आणि तासाअखेरचा प्रवाह २५७२.९. खरं उत्तर २५७३.९. एका क्युसेकची चूक! दोन तासांनीही ती सव्वा क्युसेकच्या आतच राहते.

यासाठी दोन पावलांत मिळून आठदा उतार विचारावा लागला. ऑयलरकडून एवढी अचूकता काढायची तर दोन तासांची सहाशेहून जास्त पावलं करावी लागतात. शिवाय आरके-फोरचं पाऊल निम्मं केलं की चूक साधारण सोळाव्या हिश्शावर येते. परीक्षेत ही पद्धत रटाळ वाटते, कारण चार उतारांची रांग हाताने करायला लावतात. संगणकाला तेच काम खेळ आहे.

पायथनमध्ये काय काय आहे

पायथनच्या सायपाय या गणिती फंक्शनांच्या संग्रहात विकलक समीकरणांसाठी दोन दारं आहेत. जुनं ओडीईइंट, ज्याच्या पोटात मुळात फोरट्रानमध्ये लिहिलेली एलसोडा ही पद्धत आहे. नवं सॉल्व्ह-आयव्हीपी, जे २०१७ च्या सायपाय १.० बरोबर आलं. नवं काही लिहिणार असाल तर नवंच घ्या. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: उतार सांगणारं फंक्शन, कुठपासून कुठपर्यंत सोडवायचं तो काळ, आणि सुरुवातीची किंमत. किंमत एकच असली तरी ती यादी म्हणून द्यायची. पद्धत सांगितली नाही तर ते आरके-फोर-फाइव्ह वापरतं. डोरमंड आणि प्रिन्स यांनी १९८० मध्ये मांडलेली जोडी. त्याच उतारांमधून चौथ्या आणि पाचव्या दर्जाची, म्हणजे एक कमी आणि एक जास्त अचूक अशी, दोन उत्तरं निघतात, आणि त्यांच्यातला फरक म्हणजे चुकीचा अंदाज. फरक जास्त आला तर ते पाऊल रद्द होतं आणि आखूड पाऊल टाकून पाहिलं जातं. फरक नगण्य असला तर पुढचं पाऊल लांब पडतं. म्हणजे पाऊल किती टाकायचं हे आपण सांगत नाही. चूक किती चालेल एवढंच सांगतो. ते न सांगितलं तर सापेक्ष चुकीची मर्यादा हजारात एक धरली जाते, तीही दर पावलाला. पुराच्या आलेखाला ती चालून जाईल. उपग्रहाची कक्षा काढताना कुणी तीच ठेवली असेल तर मी त्या उपग्रहाच्या खाली उभा राहणार नाही.

दोन दारांमध्ये एक खोड्याळ फरक आहे. ओडीईइंटचं फंक्शन आधी किंमत आणि मग वेळ घेतं, सॉल्व्ह-आयव्हीपीचं आधी वेळ आणि मग किंमत. जुनं फंक्शन नव्या दारात तसंच टाकलं तर आपल्या उदाहरणात कसलाही एरर येत नाही. संगणक प्रवाहाच्या जागी वेळ घालतो, उतार तासाला जवळजवळ २५०० धरतो आणि दोन तासांनी ५९९९ क्युसेक सांगून मोकळा होतो. वरून ५००० सोडलेत आणि खाली ५९९९! चित्रात मात्र सुरेख चढती रेषा दिसते.

नुसतं शिकायचं असेल तर सेजमॅथ जास्त मोकळं आहे. विल्यम स्टाइनने २००५ मध्ये सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर पायथनवर उभं आहे आणि मॅक्सिमा, सायपाय, आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब अशी कितीतरी पॅकेजं त्यात एकत्र नांदतात. सेज-सेलवर तर काही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्येच चालवता येतं. त्यात ऑयलरच्या पद्धतीचं तयार फंक्शन आहे, जे उत्तर म्हणून चक्क वहीसारखा तक्ता छापतं. आरके-फोरचं फंक्शनही आहे. त्याला पाऊल सांगितलं नाही तर ते ०.१ धरतं. सूत्रात सुटणारी समीकरणं सूत्रातही सोडवून मिळतात. एक जपावं: घातासाठी सेजमध्ये टोपीचं चिन्ह चालतं, साध्या पायथनमध्ये त्याच चिन्हाचा अर्थ वेगळा आहे. तिथे दोन फुल्या (**) लागतात.

जाता जाता एक गंमत. पायथन ३ मध्ये चलाचं नाव देवनागरीत लिहिता येतं, 'पाणी' किंवा 'विसर्ग' असं. देवनागरी अंक लिहिलेली अक्षरमाळ दिली तर पायथन त्याचा पूर्णांकही करून देतो. थेट कोडमध्ये मात्र आपले अंक चालत नाहीत.

दुसऱ्या दर्जाचं समीकरण आलं तर घाबरायचं नाही. स्कूटरच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं घ्या: त्यात प्रवेगाची गोष्ट असते, म्हणून स्थान आणि वेग अशी दोन चलं करायची. स्थान बदलण्याचा वेग म्हणजे वेग. वेग बदलण्याचा वेग म्हणजे स्प्रिंग आणि तेल मिळून जे काय करतात ते. दोन समीकरणं, दोन सुरुवातीच्या किमती. बाकी सगळं तसंच.

नदी उलटी वाहते तेव्हा

पाऊल मोठं घेतलं तर उत्तर थोडं ओबडधोबड येईल, एवढंच आपल्याला वाटतं. पाच-पाच तासांचं पाऊल घेऊन ऑयलर करून बघा. सुरुवातीचा उतार २०००, पाच तासांत १०,००० ची वाढ, म्हणजे प्रवाह ११,०००. सोडले होते ५०००! आता फरक उणे ६०००, उतार उणे ३०००, पुढच्या पाच तासांत १५,००० ची घट. प्रवाह उणे ४०००. म्हणजे गोदावरी रामकुंडाकडून त्र्यंबकेश्वराकडे निघाली.

बरोबर चार तासांचं पाऊल घेतलं तर प्रवाह ९०००, १०००, ९०००, १००० असा कायम झुलत राहतो. चारच्या वर गेलं की झोके वाढत जातात. समीकरण बिचारं अगदी शांत आहे, पद्धतच पिसाळलेली आहे. आलेखात अशी करवतीच्या दात्यांसारखी रेषा दिसली की निसर्गात काही घडतंय असं समजण्याआधी पाऊल तपासावं.

आपोआप पाऊल बदलणाऱ्या पद्धती यातून वाचतात, पण त्याची किंमत मोजतात. आपल्या पट्ट्याला एक छोटा डोह जोडा, जो अर्ध्या मिनिटात भरतो आणि अर्ध्या मिनिटात उतरतो. पुराची कहाणी तासांची, डोहाची अर्ध्या मिनिटाची. आता ७२ तासांचं गणित करायचं तर डोहात काहीही घडत नसतानाही ऑयलरला एका मिनिटापेक्षा मोठं पाऊल टाकता येत नाही, नाहीतर डोहाचा हिशेब उधळतो. आरके-फोर-फाइव्हलाही फार तर दीड-पावणेदोन मिनिटांची मुभा मिळते. अशा समीकरणांना 'स्टिफ' म्हणतात. रासायनिक अभिक्रियांच्या गणितात ती जागोजागी सापडतात. पायथन बराच वेळ नुसता फिरत बसलाय आणि उत्तर तर साधंसुधं दिसतंय, तर संशय इथे घ्यायचा.

यावरचा उपाय म्हणजे पावलाच्या सुरुवातीचा उतार सोडून शेवटचा घ्यायचा. शेवटचा उतार शेवटच्या किमतीवर अवलंबून आणि ती किंमत तर आपल्याला काढायचीय, म्हणून दर पावलाला एक छोटं बीजगणित सोडवावं लागतं. आपल्या पाच तासांच्या पावलाला हे लावलं तर प्रवाह ३८५७ येतो. खरं उत्तर ४६७२, म्हणजे अचूकता बेताचीच. पण पुढच्या पावलाला ४६७३ येतात, मग आणखी जवळ, आणि नदी कधीही उलटी वाहत नाही. सॉल्व्ह-आयव्हीपीमध्ये राडाऊ आणि बीडीएफ या पद्धती याच जातीच्या. काय घ्यावं कळत नसेल तर एलसोडा सांगा. समीकरण स्टिफ वाटलं की ती स्वतःच पद्धत बदलते.

हरवलेला पूर

आतापर्यंतच्या चुका निदान दिसतात तरी. आता न दिसणारी.

नदी १००० क्युसेकने शांत वाहते आहे, वरूनही १००० च येतात. चाळिसाव्या तासाला अर्ध्या तासासाठी दारं उघडून २०,००० सोडायचे आणि पुन्हा बंद करायची. ७२ तासांसाठी सॉल्व्ह-आयव्हीपीला सांगा, बाकी काही बदलू नका. आलेख येतो एक सपाट रेषा, १००० क्युसेक, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सोबत निरोप: काम यशस्वी.

प्रत्यक्षात त्या अर्ध्या तासात प्रवाह ५२०० पर्यंत चढायला हवा होता. मग पूर गेला कुठे? सुरुवातीला उतार शून्य आहे, म्हणून पद्धत एक अतिसूक्ष्म पाऊल टाकून बघते. चूक शून्य. पुढचं पाऊल दहापट. पुन्हा शून्य, पुन्हा दहापट. असं करत ती ११.१ तासांपर्यंत येते आणि तिथून थेट ७२ व्या तासावर उडी घेते. या उडीत ती मधे डोकावते, नाही असं नाही. पण साधारण २३.३, २९.४, ५९.८ आणि ६५.२ या तासांना. चाळीस ते साडेचाळीसमध्ये एकदाही नाही. तिने जिथे जिथे विचारलं तिथे तिथे नदी शांत होती, म्हणून तिच्या लेखी पूर आलाच नाही.

मर्यादा कडक करून इथे फायदा नाही. ज्या चुकीचा अंदाजच शून्य येतो ती मर्यादेत कशी पकडणार? जास्तीत जास्त पाऊल किती टाकायचं ते सांगून ठेवायचं, म्हणजे पाव तासापेक्षा लांब उडी नको. माझा कल दुसऱ्या उपायाकडे आहे: दारं उघडण्या-मिटण्याच्या वेळा आपल्याला माहीत असतात, तर गणिताचे तीन तुकडे करायचे. चाळीसपर्यंत, मग साडेचाळीसपर्यंत, मग पुढे. एकाचा शेवट तो दुसऱ्याची सुरुवात. दार उघडताना आलेखाला कोपरा पडतो आणि कोपऱ्यावरून पाऊल टाकणं कुठल्याच पद्धतीला मानवत नाही.

चित्र काढताना

सॉल्व्ह-आयव्हीपी मोजक्या पावलांत काम उरकतं, म्हणून नुसत्या त्या ठिपक्यांना रेषेने जोडलं तर वक्र तुटक दिसतो. मग आपण वेळांची दाट यादी देतो आणि वक्र गुळगुळीत होतो. पुष्कळांना वाटतं की यादी दाट केली म्हणजे उत्तर जास्त अचूक झालं. तसं काही होत नाही. पद्धत आपली पावलं पूर्वीसारखीच टाकते. मधल्या वेळांच्या किमती त्या पावलांच्या मधे भरून दिल्या जातात. वरच्या उदाहरणात हजार वेळांची यादी दिलीत तरी हजार ठिपक्यांची सपाट रेषाच येईल. म्हणून पहिलं चित्र मी ठिपक्यांसकट काढतो: पद्धतीची खरी पावलं ठिपक्यांनी, वर दाट वक्र. कुठे पावलं दाट आहेत, कुठे उडी मारलीय, हे एका नजरेत कळतं.

सोडवायच्या आधी उतारांचं मैदान काढण्याची सवयही चांगली. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर प्रवाह, आणि जाळीतल्या प्रत्येक जागी तिथल्या उताराची एक बारीक काडी. सेजमध्ये याला तयार फंक्शन आहे, मॅटप्लॉटलिबमध्ये बाणांनी काढता येतं. आपल्या उदाहरणात ५००० च्या पातळीवर सगळ्या काड्या आडव्या, खालच्या वर चढणाऱ्या, वरच्या खाली उतरणाऱ्या. सगळं शेवटी ५००० ला येऊन टेकणार हे एकही पाऊल न टाकता दिसतं, आणि ५९९९ सांगणारा वक्र या मैदानावर टाकला की तो काड्या कापत जाताना लगेच सापडतो.

पाणी अमुक पातळीला कधी पोचेल हे आलेखावर पट्टी ठेवून वाचू नका. सॉल्व्ह-आयव्हीपीला 'घटना' सांगता येते: प्रवाहातून ४००० वजा करून येणारी किंमत शून्य ओलांडेल तो क्षण शोध, हवं तर तिथेच थांब. २ तास ४६ मिनिटं हे उत्तर तिथून थेट मिळतं. टाकी रिकामी होण्याच्या गणितात तर ही सोय लागतेच. तिथे पातळीचं वर्गमूळ असतं, आणि पाऊल शून्याच्या खाली गेलं की ऋण संख्येचं वर्गमूळ निघून पुढे सगळीकडे 'नॅन' (ही संख्याच नाही, अशी खूण) पसरतं.

आणि पाण्याचा ताळा. १००० क्युसेक म्हणजे तासाला ३६ लाख घनफूट, म्हणजेच ३.६ दशलक्ष घनफूट. आपल्या पट्ट्यात साठलेलं पाणी प्रवाहाच्या दोन तासांइतकं धरलंय. म्हणजे १००० क्युसेकला ७.२ आणि ५००० ला ३६ दशलक्ष घनफूट. पूर स्थिरावेपर्यंत वरून आलेल्या आणि पुढे गेलेल्या एकूण पाण्यात २८.८ दशलक्ष घनफुटांचा फरक पडलाच पाहिजे. तो काही हजार पटींनी चुकला तर तास आणि सेकंद यांच्यामधले ३६०० कुठेतरी राहिलेत. पण ताळा जुळला म्हणजे पावलं ठीक आहेत असं धरू नका: तासाच्या पावलांचा ऑयलरसुद्धा, त्याचीच पावलं बेरजेला घेतली, तर हा हिशेब घनफुटापर्यंत जुळवून देतो. पावलं तपासायची तर ती निम्मी करूनच बघायला हवीत.